काजव्याचं जॅकेट

नागपूरहून अमरावतीकडे निघालं की कोंढाळीनंतर कारंजा (घाडगे) लागतं. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, एका अंगाला बोरच्या व्याघ्रप्रकल्पापर्यंत पोचणारं जंगल, आणि मधून जाणारा महामार्ग. त्याला अजूनही सगळे 'एनएच सिक्स'च म्हणतात, जरी २०१० च्या नव्या क्रमवारीत तो ५३ झाला असला तरी. या रस्त्यावर कुठे ना कुठे काम चालूच असतं. कधी खड्डे, कधी डांबराचा नवा थर, कधी दुभाजकातलं गवत, कधी पुलाचा कठडा. आणि जिथे काम तिथे ती माणसं: अंगात नारिंगी नाहीतर पोपटी जॅकेट आणि त्यावर चंदेरी पट्ट्या.

ही जॅकेटं आपण इतकी बघतो की आता बघतच नाही. (आणि त्यांचं एकमेव काम म्हणजे दिसणं!) मला त्यांच्याबद्दल कुतूहल वाटायला लागलं ते कॉलेजातल्या एका सिव्हिलवाल्या मित्रामुळे. तो याच पट्ट्यात रस्त्याच्या कामावर आहे. नवे मजूर आले की पहिल्या दिवशी त्यांना 'सेफ्टी'चं सांगायची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडलेली. मी विचारलं, काय सांगतोस त्यांना? म्हणाला, "हेल्मेट घाला, जॅकेट घाला, साइटवर काढू नका. झालं." आणि ते काय विचारतात? "दोनच प्रश्न. 'साहेब, हे वापस करा लागते का?' आणि 'याचे पैसे कटते का?'"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत, त्यांच्याकडे नंतर येऊ. पण हे जॅकेट नेमकं करतं काय, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मी मित्रालाच विचारलं, तर म्हणाला, "चमकतं ना बाबा!" आता या 'चमकतं'मध्ये दोन संपूर्ण वेगळे शोध आहेत. ते वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांनी लावले, आणि त्यातला एक सूर्य मावळला की चक्क संपावर जातो. हे ज्याला माहीत नाही तो रात्री दोन वाजता ट्रकच्या वाटेत उभा राहून 'मी दिसतोय' असं धरून चालतो. म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी रंगाची गोष्ट. साधा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग खातो आणि उरलेला परत फेकतो. म्हणजे मिळालं त्याहून जास्त तो देऊ शकत नाही. काही पदार्थ मात्र आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश गिळतात आणि तो दिसणाऱ्या रंगात बाहेर काढतात. जॉर्ज स्टोक्स या केंब्रिजच्या शास्त्रज्ञानं १८५२ मध्ये याचा नीट अभ्यास केला, त्यात क्विनाइनचं द्रावणही वापरलं, आणि फ्लोरस्पार या खनिजावरून या प्रकाराला 'फ्लोरेसन्स' असं नाव दिलं. आपल्या आई-आजीला हे नाव माहीत नव्हतं, पण टिनोपाल माहीत होतं! शाळेचा पांढरा शर्ट टिनोपालच्या पाण्यातून काढला की उन्हात जो झगझगायचा, तो याच कारणानं. उन्हातला अतिनील भाग घेऊन निळसर उजेड देणारं रसायन ते. रात्री घरातल्या पिवळ्या बल्बखाली तोच शर्ट बिचारा साधाच दिसायचा. ही शर्टाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा प्रकार कपड्यांपर्यंत आला तो एका अपघातामुळे, आणि अपघातही कसा, तर कामावरचा. १९३३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात बॉब स्विट्झर नावाचा कॉलेजला जाणारा मुलगा सुट्टीतल्या कामावर माल उतरवत होता. पडला, डोक्याला जबर मार लागला, बरेच दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा नजर बिघडलेली. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यायला सांगितली. धाकट्या भावाला, ज्योला, जादूच्या प्रयोगांचं वेड. अंधार तर होताच, मग दोघांनी अतिनील दिवा घेऊन वडिलांच्या औषधांच्या दुकानातल्या बाटल्यांवर मारून बघायला सुरुवात केली. कुठली चमकते? त्या चमकणाऱ्या रसायनांतून रंग तयार झाले, ज्योचे जादूचे प्रयोग रंगले, आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर असे रंग हाती आले की जे अंधारात अतिनील दिव्याखालीच नाही तर भर दिवसा उन्हातही पेटल्यासारखे दिसायचे. हेच पुढे 'डे-ग्लो' नावानं गाजले. पहिलं चमकतं कापड बॉबच्या बायकोच्या लग्नातल्या ड्रेसवर रंग चढवून केलं असं सांगतात. खरं असेल तर त्या बाईंना माझा नमस्कार.

मला यातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते: आज ज्या रंगाचं कापड नवख्या मजुराच्या अंगावर चढवतात, तो रंग सापडला तोच मुळी कामावर जखमी झालेल्या एका नवख्या मजुरामुळे. अमेरिकन केमिकल सोसायटीनं २०१२ मध्ये या कामाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला. कुठल्याही सेफ्टी ट्रेनिंगच्या स्लाइडवर ही गोष्ट मी पाहिलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धात हे रंग लष्करानं उचलले. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सैनिकांनी जमिनीवर चमकत्या कापडाच्या पट्ट्या अंथरायच्या, म्हणजे वरच्या विमानाला खाली आपलीच माणसं आहेत हे कळावं. विमानवाहू जहाजांच्या डेकवरही हे रंग वापरले गेले. पण साध्या कामगाराच्या अंगावर यायला आणखी वीसेक वर्षं गेली.

१९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेनं ग्लासगोजवळच्या विद्युतीकरण झालेल्या मार्गावर रुळांवर काम करणाऱ्यांना फ्लोरेसंट नारिंगी जॅकेटं दिली. वाफेचं इंजिन लांबून धुराचा लोट दाखवत, धडधडत यायचं. विजेवरची गाडी त्या मानानं शांत आणि झपकन अंगावर येणारी. तेव्हा गाडीनं माणसाला सावध करण्यापेक्षा माणूसच गाडीला आधी दिसला पाहिजे, असा तो विचार. या जॅकेटांना नाव पडलं 'फायरफ्लाय', म्हणजे काजवा! आणि ती कितपत उपयोगी आहेत हे विचारलं कोणाला, तर त्या मार्गावरच्या इंजिन ड्रायव्हरांना.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इथे कोणाला तरी अचूक कळलं होतं की या प्रॉडक्टचा युजर कोण. जॅकेट घालतो मजूर, पण वापरतो ड्रायव्हर. हेल्मेट टोचलं, बूट चावला, तर घालणाऱ्याला कळतं. जॅकेट चालू आहे की बंद हे घालणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण ते त्याला दिसतच नाही. चाळीस वेळा धुतलेलं, उन्हानं उडालेलं, काळ्या मातीनं माखलेलं जॅकेटही आतून तेवढंच जॅकेट वाटतं. म्हणूनच बाकी कुठल्याही साधनापेक्षा हे साधन शब्दांनी समजावून सांगायला लागतं. आणि नेमकं तेच होत नाही.

थोडं विषयांतर. नारिंगीच का? हिरव्या, मातकट पार्श्वभूमीवर आपल्या डोळ्याला तो रंग टोचतो म्हणून. आपल्या डोळ्याला, हे महत्त्वाचं. बोरच्या जंगलातला वाघही नारिंगीच असतो आणि तरी चितळांना दिसत नाही, कारण हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. त्यांना नारिंगी वाघ झाडोऱ्यासारखाच हिरवट दिसतो. म्हणजे या एकाच तालुक्याच्या परिसरात एक प्राणी नारिंगी असून लपतो आणि दुसरा दिसावं म्हणून नारिंगी घालतो. बघणारा कोण, यावर सगळं अवलंबून. (संत्र्याच्या बागेत भर बहारात हे जॅकेट घालून उभं राहिलं तर काय होईल, हा प्रयोग कोणीतरी करून बघा :) )

असो. काजव्याचं नाव छान होतं, पण गोष्ट उलटी होती. खरा काजवा रात्री चमकतो, हे जॅकेट फक्त दिवसा. टिनोपालचा शर्ट आठवा. गाडीच्या हेडलाइटमध्ये, रस्त्यावरच्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यात अतिनील भाग जवळजवळ नसतोच. रंगाला खायला काही नाही, तर तो देणार काय? रात्री फ्लोरेसंट नारिंगी जॅकेट म्हणजे फार तर एक फिकट रंगाचं कापड.

रात्रीसाठी दुसरा शोध लागला, आणि तो आपण सगळ्यांनी गावाकडच्या रस्त्यावर पाहिलेला आहे. रात्री हेडलाइटच्या उजेडात बाजूच्या शेतातून दोन हिरवट ठिपके चमकतात आणि मग कळतं, रोही आहे (पुण्या-मुंबईकरांसाठी: नीलगाय). या जनावरांच्या डोळ्यात मागे एक आरशासारखा पडदा असतो, तो आलेला उजेड आला तिकडेच परत पाठवतो. माणसाच्या डोळ्यात तो नाही. इंग्लंडात पर्सी शॉ नावाच्या माणसानं १९३४ मध्ये याच धर्तीवर रस्त्यात बसवायच्या काचेच्या डोळ्यांचं पेटंट घेतलं, त्यांना 'कॅट्स आय'च म्हणतात. तिकडे अमेरिकेत थ्रीएम कंपनीनं अगदी बारीक काचेचे मणी चिकटवलेलं शीट बनवलं, आणि १९३९ मध्ये मिनियापोलिसमध्ये त्याची पहिली रस्त्यावरची पाटी लागली. एकेक मणी म्हणजे छोटंसं भिंग. आलेला किरण आत वाकतो, मागच्या चकचकीत थरावर आपटतो आणि पुन्हा वाकून आल्या वाटेनं परत जातो. जॅकेटवरची चंदेरी पट्टी ती हीच.

'आल्या वाटेनं परत' हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पट्टी उजेड चहूकडे उधळत नाही, दिवा ज्याचा त्यालाच तो परत करते. ट्रकवाल्याला ती पांढरीशुभ्र पेटलेली दिसते, आणि शेजारी दोन पावलांवर उभ्या असलेल्या मुकादमाला करडी चिंधी. म्हणून मुकादमानं नुसतं बघून 'चालतंय' म्हणण्याला काही अर्थ नाही. आणि ज्या गाडीचा हेडलाइटच गेलाय (आपल्याकडे अशा ट्रॅक्टर-ट्रॉल्या काही कमी नाहीत) तिच्यासाठी ती पट्टी नसल्यातच जमा.

आता जरा आकडेमोड. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसून, ते काय आहे हे कळून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत रस्त्यांच्या डिझाइनमध्ये अडीच सेकंद धरतात. म्हणजे ५५ मीटर नुसते विचारात गेले. त्यापुढे प्रत्यक्ष ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी सत्तरेक. एकूण सव्वाशे मीटर. आणि डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस दिसतो तो साधारण ३० ते ५० मीटरवर. म्हणजे ड्रायव्हर कितीही सज्जन असला, प्यालेला नसला, पेंगत नसला, तरी गणित जुळतच नाही. पट्टी स्वच्छ असेल तर जुळतं. मजुराचा जीव या शंभरेक मीटरच्या फरकात आहे.

आणि तरी यात एक भानगड राहतेच. ड्रायव्हरला काहीतरी चमकणारं दिसलं, पण ते माणूस आहे हे कशावरून कळणार? कामाच्या जागी पट्ट्या काय फक्त माणसांना असतात? ड्रमला पट्टी, बॅरिकेडला पट्टी, शंकूला पट्टी, उभ्या रोलरच्या पाठीला पट्टी. यात छातीवर दोन पट्ट्या घेऊन स्तब्ध उभा असलेला माणूस म्हणजे आणखी एक ड्रम. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांद्या-कोपरांना, मनगटांना, गुडघ्यांना, घोट्यांना मिळून डझनभर प्रकाशाचे ठिपके लावले आणि अंधारात फक्त तेवढेच ठिपके लोकांना दाखवले. माणूस स्थिर असताना ते नुसते ठिपके. तो चालायला लागला की बघणारे क्षणात ओळखायचे, अरे हा तर माणूस! त्यानंतर रस्त्यावर झालेल्या संशोधनातही हेच निघालं: पट्टी हातापायांच्या हलणाऱ्या सांध्यांवर असेल तर ड्रायव्हर माणूस म्हणून लवकर ओळखतो. आज आयएसओ २०४७१ या मानकात (२०१३ चं, त्याआधी युरोपात १९९४ पासून ईएन ४७१ होतं) जॅकेटांचे तीन वर्ग आहेत. सगळ्यात वरच्या वर्गात धड झाकणं पुरत नाही, बाह्या किंवा पँटही पट्टीसकट लागते, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. आपल्याकडे भारतीय मानक आयएस १५८०९ हे २००८ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये सुधारलं. पण हार्डवेअरच्या दुकानात टांगलेलं जाळीचं बिनबाह्यांचं जॅकेट बघून हे मानक आठवत नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे हे कपडे सर्रास दिसायला लागले ते साधारण २००० नंतर, मोठे महामार्ग आणि मेट्रोची कामं निघाली तेव्हा. दिल्ली मेट्रोचं काम १९९८ मध्ये जपानी कर्जातून सुरू झालं आणि साइटवर हेल्मेट-बूट घालायची शिस्त तिथून बाकीच्यांनी उचलली असं मानतात. इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यावरच्या कामांसाठीची मार्गदर्शिका २००१ ची, ती २०१४ मध्ये नव्यानं लिहिली गेली. कायदा तर त्याही आधीचा, बांधकाम कामगारांचा १९९६ चा. तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामगाराच्या सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत, असं तिच्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे 'याचे पैसे कटते का?' याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मजुरानं विचारायच्या आधी सांगायला हवं.

महाराष्ट्रात बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्यांना सुरक्षा संच देतं. पेटीत हेल्मेट, बूट, हार्नेस, टॉर्च आणि पट्ट्यांचं जॅकेटही असतं. चांगलीच योजना. पण नोंदणीची अट अशी की गेल्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. आता मेळघाटातून किंवा छत्तीसगडमधून काल आलेला पोरगा, किंवा गावातलाच, जो महिन्यापूर्वी संत्र्याच्या तोडीवर होता, त्याचे ९० दिवस कुठून भरणार? सगळ्यात कच्चा जो असतो, ज्याला गाडीच्या वेगाचा अंदाज नाही, कुठे उभं राहायचं हे माहीत नाही, त्याला हा संच मिळूच शकत नाही. त्या पहिल्या दिवसांत ठेकेदार देईल तेच जॅकेट, आणि इंजिनियर सांगेल तेवढीच अक्कल.

त्यात आपलं ऊन. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, आणि हे कापड पॉलिस्टर. घालून बघा दहा मिनिटं! मग लोक पुढची चेन उघडी टाकतात, की छातीवरच्या पट्ट्या बगलेत गेल्या. डोक्या-खांद्यावर ओला दुपट्टा घेतात, की पाठीवरच्या पट्ट्या झाकल्या. बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात, त्यावर जॅकेट, आणि उन्हासाठी डोक्यावरून घेतलेला पदर पुन्हा त्यावर. जॅकेट अंगावर आहे, रजिस्टरमध्ये सही आहे, आणि मागून येणाऱ्या ट्रकला दिसतो तो फक्त विटकरी पदर. यांना 'बेफिकीर' म्हणणं मला पटत नाही. मापं पुरुषांची, कापड थंड देशांतलं, आणि पट्टी मोकळी का ठेवायची हे कधी कोणी सांगितलेलंच नाही.

जॅकेट म्हणजे कवच नव्हे, हेही सांगायला हवं. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. त्याच महामार्गावर शहापूरजवळ सरलांबे इथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास पुलाचा गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि वीस जण गेले. कुठल्याही रंगाचं जॅकेट तिथे काय करणार होतं? रस्त्यावरही आधी वाहतूक वळवायची, मग बॅरिकेड, मग लांबवर शंकूंची तिरकी रांग, मग झेंडीवाला, आणि अंगावरचं कापड सगळ्यात शेवटी. पण कापड सगळ्यात स्वस्त असतं आणि फोटोत छान दिसतं, त्यामुळे पुष्कळदा क्रम नेमका उलटा होतो.

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. "तुझं बरं आहे, एसीत बसून," वगैरे ऐकून घेतलं. पण पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. नव्या टोळीला त्यानं संध्याकाळी अंधार पडल्यावर शेडमध्ये बसवलं आणि दिवे घालवले. एका पोराला टॉर्च दिला, कानशिलाला लावून धर म्हणाला. समोर तिघं उभे: एक नव्या जॅकेटात, एक सहा महिने वापरलेल्या, आणि एक बाई पदर घेऊन. टॉर्च धरणारा पोरगा नवं जॅकेट बघून "अबे!" म्हणून ओरडलाच. जुनं जेमतेम दिसलं. बाई दिसल्याच नाहीत. शेजारी बसलेल्यांना काही विशेष दिसेना, मग प्रत्येकाला टॉर्च हवा झाला. अर्धा तास नुसता गोंधळ. शेवटी त्या बाईंनी टॉर्च स्वतःच्या हातात घेतला, दुसरीला पदर घेऊन समोर उभं केलं, आधी पदर काढायला लावला, मग परत घ्यायला लावला, आणि म्हणाल्या, "मंग आमाले पदराच्या वरून घालाले मोठं द्या ना."

मोठ्या मापाची जॅकेटं आली आहेत म्हणे, बारा. काळ्या पडलेल्या पट्ट्यांची चाळीस जॅकेटं बदलून मिळावीत म्हणून त्याचं स्टोअरवाल्याशी भांडण अजून चालू आहे. स्टोअरवाला म्हणतो, फाटली कुठे आहेत?